महिने वर गेले आणि स्कॅनिंगमध्ये मोठा दोष निघाला: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणारे प्रश्न

प्रसूती विभागात समुपदेशनाचं काम करताना कानावर पडलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. विचारणारी माणसं बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणीची, काही पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजची. आपल्याकडे रिपोर्ट इंग्रजीत येतो, संमतीचा कागद बहुतेकदा कन्नडमध्ये असतो आणि घरातली बोलणी मराठीत होतात. या तिन्हींच्या मध्ये बरंच काही गळून जातं, म्हणून हे लिहिलं. उपचार तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. जिथे माझं स्वतःचं मत आहे, तिथे ते लपवलेलं नाही.

सहावा लागलाय. आता काही करता येतं का?

आधी महिने सोडा आणि आठवडे धरा. कायदा आणि डॉक्टर दोघंही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. घरचा हिशेब बहुतेकदा चुकलेल्या पाळीपासून सुरू होतो, त्यामुळे घरी ‘पाचवा’ म्हणतात तेव्हा कागदावर बावीस आठवडे असू शकतात.

१९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही सवलत ठरावीक स्त्रियांनाच आहे: बलात्कारपीडित, अल्पवयीन, मधल्या काळात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, मानसिक आजारी, आपत्तीत सापडलेल्या, आणि ज्यांच्या गर्भात गंभीर दोष आहे अशा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही यातून वगळता येणार नाही असं सांगितलं. २४ आठवड्यांनंतर गर्भातल्या मोठ्या दोषासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं, त्याला आठवड्यांची वरची मर्यादा नाही. आईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर यातली कुठलीच अट आड येत नाही.

म्हणजे ‘सहावा लागला, आता कायद्याने बंद’ हे खोटं आहे. ‘काही होत नाही, कुठेही करून घेऊ’ हेही खोटं, आणि जास्त धोक्याचं.

एवढ्या उशिरा कसं कळतं? आधीच्या स्कॅनिंगमध्ये का दिसलं नाही?

काही वेळा दिसण्यासारखं नसतंच. कवटीच न बनणं हा दोष बाराव्या-तेराव्या आठवड्यातही दिसू शकतो. हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं, पाठीचा कणा नीट बघायला मात्र १८ ते २० आठवड्यांचं स्कॅनिंग लागतं. डोकं लहान राहणं, मेंदूत पाणी साठत जाणं अशा गोष्टी कधीकधी सातव्या महिन्यात उघड होतात. गर्भजलाची तपासणी केली तर पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे जातात. एकोणिसाव्या आठवड्यात शंका आली, विसाव्यात बेळगावला दाखवलं, एकविसाव्यात पाणी काढलं, तर रिपोर्ट हातात पडेपर्यंत चोविसावा उजाडतो. इथे कुणी आळस केलेला नसतो.

आपल्या भागातला उशीर मात्र बऱ्याचदा वेगळा असतो. मुलगी सासरी नंदगडला, माहेर चंदगड तालुक्यात. सासरी तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं सरकारी कार्ड) निघतं, पहिलं स्कॅनिंग होतं. पाचव्यात ओटी भरायला माहेरी जाते. फाईल सासरी कपाटात राहते. माहेरची आशाताई म्हणते, कार्ड कर्नाटकातलं आहे, तिकडंच दाखवा. सासरचे म्हणतात, तिकडं गेलीच आहे तर तिकडंच करा. अठरा ते वीस हे आठवडे नेमके या ये-जा करण्यात जातात. ओटीच्या हिरव्या चुड्यानिशी थेट तेविसाव्या आठवड्यात स्कॅनिंगच्या टेबलावर आलेल्या मुली मी पाहिल्यात. त्या चुड्याकडे बघत डॉक्टर शब्द शोधत असतात.

उशिराच्या गर्भपातावर नीतीच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी हे आधी सांगते. वीस आठवड्यांत कळलं असतं तर जो निर्णय दोन खोल्यांत झाला असता, तो पंचविसाव्यात मंडळ, वकील आणि कोर्टापर्यंत जातो. पोटातलं बाळ तोवर लाथा मारायला लागलेलं असतं.

मंडळ म्हणजे काय? किती दिवस लागतात?

स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफीचे तज्ज्ञ आणि सरकारने नेमलेले इतर, असं हे मंडळ असतं. नियमाप्रमाणे अर्ज आल्यापासून ३ दिवसांत त्यांनी मत द्यायचं आणि होकार असेल तर ५ दिवसांत गर्भपात झाला पाहिजे. अर्जाची पोच आणि तिच्यावर तारीख घ्या. एका बाईला ‘मंगळवारी या, सोमवारी या’ करत अकरा दिवस फिरवलं होतं. तिच्याकडे पोच नव्हती, त्यामुळे अकरा दिवस झाले हेही सिद्ध करता येईना.

तपासायला जाताना पहिल्या स्कॅनिंगपासूनची सगळी फाईल न्या. सगळ्यात आधीच्या स्कॅनिंगवरून आठवडे पक्के होतात, आणि बाजू तिथेच जिंकते किंवा हरते.

मग कोर्टात जावंच लागतं का?

कायद्याने नाही. मंडळाने दोष मान्य केला तर कोर्टाचा कागद लागत नाही. तरीही घाबरून ‘ऑर्डर आणा’ म्हणणारे दवाखाने आहेत. मंडळाने नकार दिला, किंवा कारण गर्भातल्या दोषाचं नसून दुसरं असलं, तर मात्र कोर्ट हाच रस्ता. बेळगावच्या प्रकरणासाठी उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पलीकडच्या राज्यातल्या मंडळाचं प्रकरण असेल तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबई गाठायला नको. वकिलाच्या फीसाठी कर्ज काढू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो.

‘गंभीर दोष’ म्हणजे नक्की काय? यादी आहे का?

कायद्यात यादी नाही. ‘मोठी विकृती’ एवढाच शब्द आहे, बाकी मंडळावर सोडलंय. सगळी नैतिक ओढाताण त्या मोकळ्या जागेत होते.

एका टोकाला प्रश्न फारसा अवघड नाही. कवटी आणि मेंदूचा वरचा भागच नाही, किंवा दोन्ही मूत्रपिंडं नाहीत, अशी बाळं जन्मली तर काही तास, फार तर काही दिवस. जानेवारी २०१७ मध्ये कवटी नसलेल्या गर्भासाठी मुंबईच्या एका स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने चोविसाव्या आठवड्यात परवानगी दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सव्विसाव्या आठवड्यात डाऊन सिंड्रोमसाठी (गुणसूत्रांचा दोष, ज्यात बुद्धीची वाढ मंद असते) आलेली मागणी नाकारली. दोन्ही वेळा मंडळाचं मत प्रमाण धरलं गेलं.

मधलं सगळं धूसर आहे. २००८ मध्ये निकेता मेहता यांचं प्रकरण देशभर गाजलं. बाळाच्या हृदयात दोष होता, २४ आठवडे उलटले होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. पुढे त्यांचा गर्भ आपोआप पडला. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयापुढे जवळजवळ बत्तीस आठवड्यांची स्त्री आली. बाळाचं डोकं फार लहान, इतरही दोष. मंडळाचं म्हणणं, सरकारी दवाखान्यात यावर मोफत उपचार होतात, म्हणून गर्भपात नको. न्यायालयाने उलट सांगितलं: दोष गंभीर आहे हे दिसल्यावर निर्णय त्या स्त्रीचा, मंडळाचा नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेहतिसाव्या आठवड्यात आईचा निर्णय शेवटचा मानला.

दोष नसेल तेव्हाचं चित्र वेगळं. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या आईने, आपली मानसिक स्थिती बरी नाही म्हणून, २६ आठवड्यांनंतर परवानगी मागितली. गर्भ निरोगी होता. सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं.

मला विचाराल तर ‘जगेल का’ आणि ‘कसं जगेल’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पहिल्याचं उत्तर डॉक्टर बऱ्यापैकी देऊ शकतात. दुसऱ्याचं उत्तर घर, गाव, शाळा, पैसा, आजी-आजोबांची तब्येत यावर ठरतं, आणि ते सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसत नाही. तरी सगळ्यात ठाम बोलणारे लोक दुसऱ्याच प्रश्नावर बोलतात.

ओठ फाटलेला आहे म्हणाले. पाय वाकडा आहे. यासाठी?

नाही. हे गंभीर दोषात बसत नाही, आणि बसवू पाहणाऱ्यांशी मी वाद घालते. ओठाची शस्त्रक्रिया काही महिन्यांच्या बाळावर होते, वाकडे पाय दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करता येतात. आणि ग्रहणात भाजी चिरल्याने ओठ फाटत नाही. त्या सुनेला ते ऐकवणं थांबवा.

रक्ताच्या रिपोर्टवर ‘हाय रिस्क’ आलंय. पाडायचं का?

थांबा. तो चाळणीचा रिपोर्ट आहे, निदान नाही. डाऊन सिंड्रोमसारख्या दोषाची शक्यता १८० त १ असं लिहिलं असेल तर अशा १८० बायकांतल्या १७९ जणींच्या बाळात तो दोष नसतो. खात्रीसाठी गर्भजलाची तपासणी लागते. तिच्यात गर्भ पडण्याचा धोका शंभरात एकाहून कमी असतो. नुसत्या ‘हाय रिस्क’ या लाल अक्षरांवर निरोगी बाळ घालवलेली घरं आहेत. त्यांना नंतर कुणी खरं सांगितलं नाही, आणि मलाही सांगवलं नाही.

सही कुणाची? सासऱ्यांना विचारल्याशिवाय करत नाहीत म्हणे.

सही तिची एकटीची. नवऱ्याचीही लागत नाही. ती अठराच्या आत असेल किंवा मानसिक आजारी असेल तरच पालकाची. नवऱ्याच्या सहीशिवाय फाईल पुढे सरकत नाही असं सांगणारे काउंटर आहेत, तिथे शांतपणे म्हणायचं, कायद्यात कुठे लिहिलंय ते दाखवा. संमतीचा मजकूर मराठीत वाचून घ्या. न समजलेल्या कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे.

सहीच्या अलीकडे मात्र घर असतंच. मी घरच्यांना बाहेर काढत नाही. फक्त पहिली पंधरा मिनिटं बाईशी एकटीशी बोलते. कितीतरी जणी सासूसमोर ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतात आणि दार लागल्यावर म्हणतात, “अक्का, मला ठेवायचं हाय, खरं मी एकटी कसं सांभाळू?” किंवा नेमकं उलटं. दोन्ही ऐकलंय.

पाप लागतं का?

हा प्रश्न एका माळकरी सासूबाईंनी विचारला होता, हातातली तुळशीची माळ मोजता मोजता. मी कीर्तनकार नाही, मी त्यांना उलट विचारलं, तुम्हाला काय वाटतं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “जन्माला येऊन चार तास तडफडायचं, ते कुणाच्या पदरात?”

आपल्या धर्मग्रंथांत भ्रूणहत्या हे मोठं पाप मानलंय, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुसलमान घरांत १२० दिवसांचा हिशेब सांगितला जातो, त्याआधी गंभीर दोषासाठी मुभा देणारे विद्वान आहेत, नंतर मुख्यतः आईच्या जिवासाठी. कॅथलिक चर्च कुठल्याच महिन्यात परवानगी देत नाही, खानापूर-गोव्याकडच्या घरांत हा पेच खरा असतो. ज्याचा त्याचा धर्म त्याने आपल्या माणसाला विचारावा. दवाखान्यातल्या कुणीही, नर्सने, आयाने, डॉक्टरने, त्या टेबलावर पडलेल्या बाईला पाप-पुण्य ऐकवू नये. हे मी ऐकवलं जाताना पाहिलंय.

अपंग मूल नको म्हणणं म्हणजे अपंगांनाच नको म्हणणं नाही का?

हा प्रश्न सर्वांत जड आहे, आणि तो मला एका पालकाने नव्हे, कुबडी घेऊन चालणाऱ्या एका शिक्षकाने विचारला. म्हणाले, माझ्या वेळी स्कॅनिंग असतं तर मी इथे बसलो नसतो. त्यांना पोलिओ झालेला, तो स्कॅनिंगमध्ये दिसतच नाही. पण त्यांचा मुद्दा बरोबर होता, म्हणून ती दुरुस्ती मी केली नाही.

२०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली. शाळा, नोकरी, प्रमाणपत्र सगळं कागदावर आहे. त्याच सरकारचा दुसरा कायदा म्हणतो, गर्भात अपंगत्व दिसलं तर चोविसाच्या पुढेही दार उघडं, दोष नसेल तर बंद. म्हणजे निरोगी गर्भाला चोविसाव्यानंतर जे संरक्षण आहे ते अपंग गर्भाला नाही. हे ओझं कायद्याने उचललेलं आहे, आणि त्याचं समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही.

तरीही मी आईच्या बाजूने का उभी राहते? कारण त्या मुलाची पुढची वीस-तीस वर्षं आपल्याकडे प्रत्यक्षात एकच माणूस सांभाळतो. अथणीकडच्या एका घरी गेले होते. चौदा वर्षांचा मुलगा, मान धरत नाही. आई त्याला उचलून न्हाणीत नेते, तिच्या मनगटाला पट्टा बांधलेला. बाप ऊसतोडीच्या हंगामात चार महिने घराबाहेर. फिजिओथेरपीसाठी तालुक्याला जायचं तर रिक्षाला दिवसाची मजुरी जाते. ती मुलाला ‘राजा’ म्हणते आणि तो हसतो. त्या हसण्यावरून कुणी दुसऱ्या बाईला ‘बघ, तूही करू शकतेस’ असं सांगू नये. त्या मनगटावरून कुणी ‘बघ, पाडलेलं बरं’ असंही सांगू नये.

डाऊन सिंड्रोमच्या बाबतीत माझं मन सव्विसाव्या आठवड्यात कचरतं, हे कबूल करते. अशा बाळांपैकी निम्म्यांना हृदयाचा दोष असतो, तो वेळेवर दुरुस्त झाला तर बरेच जण पन्नाशीच्या पुढे जातात, कामं करतात, भांडतात, लग्नात नाचतात. ‘मतिमंद होणार’ एवढ्या एका वाक्यावर निर्णय घ्यायला लावणं ही त्या आईचीही फसवणूक आहे. निदान अशा मुलाच्या घरी एकदा चहा पिऊन यावं. मग ती जे ठरवेल ते.

ठेवायचं ठरवलं तर?

तेही तितकंच योग्य, अगदी बाळ जगणार नाही हे ठाऊक असलं तरी. तेव्हा डॉक्टरांशी आधीच ठरवा: जन्मल्यावर व्हेंटिलेटरवर ठेवायचं की वेदना कमी करून आईच्या कुशीत द्यायचं. जगणार असेल तर प्रसूती नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या दवाखान्यात करा, गावातल्या नर्सिंग होमवर अवलंबून राहू नका. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लवकर काढा. सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, ऑटिझम किंवा बहुविकलांगता असेल तर ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो.

एवढ्या उशिराचा गर्भपात प्रत्यक्षात कसा होतो? बाळ जिवंत निघालं तर?

गोळ्यांनी कळा आणतात. ती प्रसूतीच असते, एक-दोन दिवस लागू शकतात. वेदना कमी करायचं औषध मागा, तो तुमचा हक्क आहे. बाळ जगण्याइतकं वाढलेलं असेल तर डॉक्टर आधी सोनोग्राफीखाली इंजेक्शन देऊन ठोके थांबवतात. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो, पण घरच्यांना हे आधी माहीत असलंच पाहिजे, टेबलावर नव्हे. तरीही बाळ जिवंत जन्मलं तर त्याच्यावर उपचार करायचे, आणि आईवडील जबाबदारी घेऊ शकत नसतील तर ती राज्याची, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय.

बाळ बघायचं का? ज्यांना बघायचंय त्यांना दाखवा, ज्यांना नको त्यांना आग्रह नको. मूठमातीसाठी हवं असेल तर कळा सुरू होण्याआधीच सांगून ठेवा. एकदा दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं की परत मिळत नाही.

मुलगा होता की मुलगी?

आधी विचारलं तर कुणी सांगणार नाही, १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि आपल्या भागात त्यावर जास्तच नजर आहे: २०१७ मध्ये कागवाडच्या पलीकडे म्हैसाळला १९ भ्रूण सापडले, २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुडलगीला नाल्यात बाटल्यांमध्ये ७. त्यामुळे खऱ्या दोषाच्या बाईकडेही लोक संशयाने बघतात आणि लहान दवाखाने हातच लावत नाहीत. सगळ्या कागदांच्या प्रती ठेवा.

नंतर मात्र हा प्रश्न बहुतेक वेळा आईच विचारते, कुजबुजत. तेव्हा त्यात वंशाचा दिवा नसतो.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. काय करू?

हे कुणीच आधी सांगत नाही. मोकळ्या हातांनी घरी गेलेली बाई रात्री उठते आणि ब्लाउज भिजलेला असतो. दूध थांबवायची गोळी डॉक्टर देतात, मागून घ्या. घट्ट बांधू नका, पिळू नका. दुखून ताप आला किंवा रक्तस्राव वाढला तर लगेच दाखवा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन दिलं का, हे सुट्टी घेण्याआधी विचारा.

नोकरीवर काय सांगायचं? शेजारी?

गर्भपातानंतर ६ आठवडे पगारी रजा कायद्यात आहे. शेजाऱ्यांना जे सोयीचं वाटेल ते सांगा. दवाखान्याने नाव फोडलं तर तो गुन्हा आहे.

पुढच्या वेळीही असंच होईल का?

दोषावर अवलंबून. कण्याचा किंवा कवटीचा दोष असेल तर पुन्हा होण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच, आणि गर्भ राहण्याआधी महिनाभर तरी फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा, दिवसाला ४ ते ५ मिलिग्रॅम, सुरू केली तर ती बरीच कमी होते. डॉक्टरांना विचारूनच घ्या. मामाची मुलगी केली असेल किंवा मामाशीच लग्न असेल, जे दोन्ही आपल्या भागात चालतं, तर काही आजारांत दर खेपेला चारात एक अशी शक्यता असते. तिथे जनुकीय सल्ला घ्या, आणि या खेपेच्या बाळाचा नमुना तपासायला दिला असेल तर तो रिपोर्ट जपून ठेवा.

पुढचं स्कॅनिंग सासरी करू की माहेरी?

कुठेही करा. अठरावा आठवडा कुठल्या तारखेला लागतो ते आजच कालनिर्णयावर लिहा. ओटी आधी आली तर ओटी पुढे ढकला. आणि फाईल कपाटात नको, तुमच्याच पिशवीत.